ब्वायो, मोरिस

ब्वायो, मोरिस : (८ मे १८८८ – १६ सप्टेंबर १९१८). फ्रेंच रग्बीपटू, राष्ट्रीय संघाचा कर्णधार व पहिल्या महायुद्धातील लढाऊ वैमानिक. जन्म अल्जिअर्सजवळील मुस्ताफा येथे.

रग्बी : नैर्ऋत्य फ्रान्समधील दाक्सच्या संघाकडून, नंतर स्ताद बोर्दलेकडून तो खेळला. बोर्दोच्या या संघाने १८९९ ते १९११ दरम्यान सात वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. ब्वायो फ्लँकर होता. स्क्रमच्या (दोन्ही संघांच्या आघाडीपटूंच्या परस्परांना भिडलेल्या जुडग्याच्या) कडेला जखडून राहायचे आणि चेंडू सुटताच सर्वांआधी उसळून प्रतिस्पर्ध्याला लोळवायचे, हे फ्लँकरचे काम. १ जानेवारी १९१२ रोजी आयर्लंडविरुद्ध त्याने पदार्पण केले. एकूण सहा आंतरराष्ट्रीय सामने. सहाही फ्रान्स हरला. त्यांतील १९१३ चा वेल्सविरुद्धचा पराभव निसटता (८–११). त्याच वर्षी तो दोनदा कर्णधार होता. या आकड्यांवरून त्याची योग्यता जोखणे अन्यायाचे ठरेल : फ्रान्सने पहिला आंतरराष्ट्रीय विजय १९११ मध्ये मिळविला होता आणि ब्रिटिश संघांविरुद्धच्या दुसऱ्या विजयासाठी १९२० उजाडावे लागले.

युद्धकार्य : प्रारंभी सैन्याच्या वाहतूक विभागात, नंतर वैमानिक. १९१६ मध्ये तो ७७ व्या तुकडीत दाखल झाला. तीत अनेक क्रीडापटू असल्याने ती ‘खेळाडूंची तुकडी’ म्हणून ओळखली जाई. त्याच्या नावावर ३५ हवाई विजय असून (काही सहकाऱ्यांसह संयुक्त) फ्रेंच वैमानिकांत त्याचा क्रमांक पाचवा लागतो. पैकी २१ विजय निरीक्षण-फुग्यांवरचे. तारेने जमिनीशी बांधलेल्या या फुग्याच्या टोपलीतून निरीक्षक टेलिफोनवरून तोफांचा नेम सुधारीत असे. फुग्यात हायड्रोजन असला तरी साध्या गोळीने त्याला केवळ भोक पडे. पेटविण्यासाठी आगलावी गोळी अगदी जवळून झाडावी लागे. भोवती विमानविरोधी तोफांचे कडे असे. निरीक्षकाला हवाई छत्री होती, हल्ला करणाऱ्या वैमानिकाला नव्हती.

मृत्यू : लोरेनमध्ये एक फुगा पाडल्यानंतर. त्याचे विमान पाडल्याचे श्रेय जर्मन वैमानिक गेओर्ग फॉन हान्टेलमान याला दिले जाते. काहींच्या मते विमान जमिनीवरील माऱ्याने पडले. मृतदेह सापडला नाही.

स्मारके : दाक्स येथील रग्बी मैदानास त्याचे नाव, शहरात पुतळा.

पहिल्या महायुद्धात ब्वायोसह फ्रान्सचे वीसहून अधिक आंतरराष्ट्रीय रग्बीपटू कामी आले.