पदवी वेशीबाहेर जाते तेव्हा

अमरावती-अकोल्याकडे एक प्रश्न घरोघरी ऐकू येतो. पोरगं सिव्हिल इंजिनिअर झालं, आता ही डिग्री दुबईत, कॅनडात चालेल का? प्रश्न आजचा वाटतो, पण आहे जुना. आणि बघा, आधी तो उलट्या दिशेने आला होता.

1853 मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. 1867 मध्ये अकोला, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली. रस्ते, पूल, कचेऱ्या बांधायला इंजिनिअर हवे होते. पुण्यात 1854 पासून त्याचं शिक्षण मिळत होतं. विश्वेश्वरय्या तिथेच शिकले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. तरीही 1871 मध्ये सरकारने हिंदुस्थानातल्या नोकरीसाठी लंडनजवळ कूपर्स हिलला वेगळं कॉलेज काढलं. पुढे 1892 मध्ये खात्याचे दोन भाग झाले, इम्पीरियल आणि प्रॉव्हिन्शियल. विलायतेत भरती झालेला वरच्या भागात, इथे शिकलेला बहुतेक खालच्या. काम तेच, पगार कमी. म्हणजे विलायती पदवी इथे बिनदिक्कत चालली, कारण राज्य त्यांचं होतं.

मग कायदे आले. ब्रिटनने 1931 आणि 1938 च्या कायद्यांनी ‘आर्किटेक्ट’ हे नाव नोंदणीशी बांधलं. आपल्याकडे हेच 1972 च्या वास्तुविशारद कायद्याने केलं. त्यात एक कलम महत्त्वाचं आहे : परदेशातल्या नोंदणी संस्थेशी बोलणी करून एकमेकांच्या पदव्या मानण्याची योजना आखता येते. तुम्ही आमची माना, आम्ही तुमची मानतो. राज्य कुणाचं हा मुद्दा जाऊन देवाणघेवाण आली.

इंजिनिअरांच्या बाबतीत मोठं पाऊल पडलं ते 2014 मध्ये. भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. पण इथेच गोम आहे. करारात बसतात ते एनबीएने टियर-वन म्हणून मान्यता दिलेले अभ्यासक्रम, आणि टियर-वन म्हणजे स्वायत्त संस्था किंवा विद्यापीठाचे विभाग. साध्या संलग्न कॉलेजची पदवी, एनबीएची मान्यता असली तरी, त्यात येत नाही. आपल्या भागातली कितीतरी पोरं अशाच कॉलेजांतून शिकली. शिवाय करार मानतो ते शिक्षण. परवाना नाही. अमेरिकेत परवान्याची परीक्षा राज्याच्या मंडळाकडे, कॅनडात प्रांताच्या संघटनेकडे. सौदीत इंजिनिअर्स कौन्सिलची नोंदणी लागते.

आता कागदाचा इतिहास. अमरावतीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज 1964 चं, आणि अमरावती विद्यापीठ 1983 चं. त्याआधी शिकलेल्याच्या पदवीवर नाव नागपूर विद्यापीठाचं. त्यामुळे शिकला अमरावतीत, पण गुणपत्रकाच्या पडताळणीसाठी चकरा नागपूरच्या! परदेशातला कारकून आधी हेच विचारतो : कॉलेज एका गावचं, विद्यापीठ दुसऱ्या गावचं, हे कसं? त्याला उत्तर देतो तो आपल्या प्रांतरचनेचा इतिहास.

म्हणून जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. डिग्री ही शिकल्याची पावती आहे. काम करायचा हक्क प्रत्येक देश स्वतःच्या दारात नव्याने देतो. तेव्हा त्या वर्षाचा अभ्यासक्रम, सगळी गुणपत्रकं आणि कामाचे दाखले विमानात बसायच्या आधी गोळा करा. आणि इथे राहणाऱ्यांनी आपल्या कॉलेजला विचारावं, स्वायत्ततेचं काय झालं? नातवंडांची डिग्री कुठवर जाईल, ते बरंचसं त्या उत्तरावर ठरणार आहे.