रक्तातलं दफ्तर

धारहून मांडूला जाताना लागणाऱ्या नालछ्याचा इतिहास सांगायला बसलं की माळव्याच्या सुलतानांचे पडके महाल निघतात आणि 1820च्या सुमारास त्यांतल्याच एकात उन्हाळी मुक्काम करणारा ब्रिटिश अधिकारी सर जॉन माल्कम निघतो. कणगीशेजारी निजणाऱ्या शेतकऱ्याला किंवा रानातून मोळी आणणाऱ्या भिल्लाला कोणता ताप आला, हे कुणी कशाला लिहून ठेवील? उंदराघुशींच्या आधारे टिकणाऱ्या तापांचा इतिहास कागदात सापडणं म्हणूनच कठीण. पण विषाणू अंगात येऊन गेला की त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात बहुधा वर्षानुवर्षं राहतात. गावोगावच्या रक्तजलाची पाहणी हे इतिहासाचं साधन आहे, असं माझं म्हणणं आहे. मात्र ते अस्सल कागदासारखं नव्हे, बखरीसारखं वाचावं लागतं.

आफ्रिकेतलं उदाहरण पाहू. 1969 साली नायजेरियातल्या लासा गावच्या मिशन दवाखान्यातली एक परिचारिका तापानं दगावली, पाठोपाठ तिची शुश्रूषा करणारी दुसरीही गेली, आणि आजाराला गावाचं नाव मिळालं. घराघरांत वावरणारा मॅस्टोमिस उंदीर हा त्याचा वाहक. दवाखान्यातून दिसणारं चित्र एकच होतं: नवा आणि बहुतेकांचा जीव घेणारा रोग. पुढे सिएरा लिओनच्या गावांतलं रक्त तपासलं, तेव्हा 8 ते 52 टक्के लोकांत प्रतिपिंडं निघाली; 1987 साली हे आकडे प्रसिद्ध झाले. म्हणजे ताप येऊन बरे झालेले असंख्य लोक कुणाच्या हिशेबातच नव्हते. दवाखान्यानं फक्त दाराशी पोचलेल्यांची मोजदाद केली होती.

आपल्याकडे अशा पाहणीची सुरुवात पुण्यात झाली. रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी 1952 साली तिथं विषाणू संशोधन केंद्र उभारलं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. युगांडात वेस्ट नाइल विषाणू वेगळा करणारे स्मिथबर्न, त्यांच्यासोबत केर आणि गटणे, यांनी भारतीयांचं रक्त तपासून 1954 साली निष्कर्ष मांडले. त्या सुरुवातीच्या पाहणीत सौराष्ट्र-कच्छकडच्या काही नमुन्यांत रशियातल्या गोचीडजन्य मेंदुज्वराविरुद्धची प्रतिपिंडं दिसली. रशियाचा रोग काठेवाडात कसा? पुढे, 1957 साली, शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली, माणसं तापानं फणफणली, आणि पुण्याच्या पथकाला जो विषाणू सापडला तो त्या रशियन विषाणूचाच भाऊबंद निघाला.

इथं रास्त आक्षेप येतो. प्रतिपिंडं आडनाव ओळखतात, नाव नाही. त्याच 1954च्या निष्कर्षांत 196पैकी 33 नमुन्यांत झिकाविरोधी प्रतिपिंडं होती. पण डेंग्यू झिकाच्याच भावकीतला, त्यामुळे तेव्हा झिका इथं होताच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. आक्षेप मान्य करूनही साधन टाकून देण्याचं कारण नाही. सौराष्ट्रातला पुरावा नावानं चुकला असेल, पण कुळी त्यानं बरोबर दाखवली होती. बखरीतली तारीख चुकली म्हणून लढाई झालीच नाही, असं आपण म्हणत नाही. दुसरी साधनं लावून पाहतो. इथली दुसरी साधनं म्हणजे भावकीतल्या विषाणूंशी तुलना, त्याच गावच्या उंदीर-गोचिडांची तपासणी आणि वयांचा तक्ता. प्रतिपिंडं फक्त म्हाताऱ्यांत असतील तर साथ बहुधा जुनी. वयाबरोबर त्यांचं प्रमाण चढत गेलं तर विषाणू मुक्कामाला असण्याचा संभव मोठा. तरीही मुलं रानात जातात की नाही, हे विचारल्याशिवाय तो तक्ता वाचू नये.

क्यासनूरचा हाच आजार 2016 साली सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आला, तेव्हा लोक त्याला माकडताप म्हणत होते. नाव पडलं ते झाडावरून पडलेल्या माकडावरून. विषाणू सांभाळणारे गोचीड आणि लहान उंदीर नावातून सुटले. डोळ्यांत भरतं त्याचीच नोंद होते, मग ते मेलेलं माकड असो वा नालछ्याचा पडका महाल. बाकीच्यांची हजेरी घ्यायची, तर रक्ताकडेच जावं लागतं.