पैनगंगेपलीकडचा परदेश

परवा अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर सांगितले, "मामा, इथे वस्तूवर लिहिलेली किंमत एक आणि काउंटरवर मागतात ती वेगळीच. कर नंतर लावतात." मी म्हटले, बाबा रे, आपल्या यवतमाळच्या माणसाला हा अनुभव घ्यायला पूर्वी विमानात बसावे लागत नसे. पैनगंगा ओलांडली की पुरे!

उमरखेड, पुसदकडची माणसे रेणुकामातेच्या दर्शनाला माहूरला जात. आज माहूर नांदेड जिल्ह्यात आहे. १९५६ पर्यंत तो भाग आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तिथला रुपयाच वेगळा. आपल्याकडचा इंग्रजी रुपया म्हणजे 'कलदार', राजाचा चेहरा असलेला. तिकडचा तो 'हाली', त्यावर चारमिनार. हालीत चांदी कमी, म्हणून सरकारी भाव ७ हालीला ६ कलदार.

गंमत अशी की दोन्हीकडे रुपयाचे आणे सोळाच आणि आण्याच्या पया बाराच. नावे तीच, मोल वेगळे. घोटाळा व्हायचा तो इथेच. आता हिशेब मांडू. एका कलदार रुपयाचे हालीत होतात १८ आणे ८ पया. यात्रेकरूने चार आण्यांचा प्रसाद घेऊन कलदार रुपया दिला, तर परत यायला हवेत १४ आणे ८ पया. दुकानदाराने 'सोळातून चार गेले' म्हणत बारा आणे हातावर ठेवले, तर २ आणे ८ पया गेल्या. ज्याला त्रैराशिक येत नाही त्याला ते कळणारही नाही. शंभर रुपयांची उलाढाल करणारा व्यापारी सराफाकडून बट्टा ठरवून घेई. बुडायचा तो गाठीला दोन-चार रुपये बांधून निघालेला माणूस. म्हणून तिकडे सौदा करताना आधी विचारायचे, "हाली की कलदार?" खरेदीखतातही तसे स्पष्ट लिहीत.

यातला इतिहासाचा भाग आणखी मजेदार आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने दिला गेला, पण कागदोपत्री मालकी निजामाचीच राहिली. १९३६ च्या करारानंतर तर त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. म्हणजे वऱ्हाडचा धनी निजाम, आणि त्याच्या राज्यात जाताना वऱ्हाडी माणसाला पैसे मोडून घ्यावे लागत! वर करोडगिरीच्या नाक्यावर मालाची जकात वेगळी.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १९५० मध्ये तिकडे भारतीय रुपया सुरू झाला. तरी हाली एकदम गेला नाही. पुढे काही वर्षे सात-सहाच्या हिशेबाने तो चालत राहिला.

भाच्याला एवढेच सांगितले, की परक्या मुलखात नाण्याचे नाव ओळखीचे वाटले तर जास्त सावध राहावे. डॉलर अमेरिकेचाही आणि कॅनडाचाही.

असो. नातेवाइकांपैकी कोणाच्या घरी जुन्या पेटीत चारमिनारचे नाणे किंवा 'हाली' लिहिलेला कागद असेल तर सोनाराकडे वा रद्दीत देऊ नका. मुलांना आधी दाखवा, आणि सात-सहाचे गणित त्यांच्याकडून करून घ्या.