कांदिवलीचा वेलमांडव

वेल चढवण्यासाठी उभारलेल्या चौकटीला कांदिवलीतले बिल्डर आणि नर्सरीवाले आज पर्गोला म्हणतात. शब्द मुळात लॅटिन ‘पर्गुला’. अर्थ, भिंतीबाहेर पुढे काढलेले छप्पर. इटलीतून तो युरोपभर गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी गर्ट्रूड जेकिल व एडविन लट्यन्स यांनी आखलेल्या बागांमुळे इंग्लंडात रुळला. वस्तू मात्र इकडे परकी नव्हे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त दुष्यंत-शकुंतला भेटतात ती जागा वेतसांचा लतामंडप आहे आणि सहाव्या अंकात माधवीचाही मंडप येतो. मराठीत या मंडपाचा मांडव झाला. तो राजाच्या उपवनातून परसात आला आणि त्यावर फुलांऐवजी दुधी लोंबू लागला.

पोयसर, आकुर्ली, चारकोप, बंदर पाखाडी ही कांदिवलीची, साष्टी बेटातली जुनी वस्ती. पावसाळ्यात भात आणि घरामागे भाजीचा मांडव, हा तिथला क्रम. मांडवामागचे कारण सरळ आहे. या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत येतो. जमिनीवर पसरलेला वेल त्या चिखलात कुजतो, फळाला खालून डाग पडतो. वेल माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर नेला की खालून वारा खेळतो आणि तोडणी उभ्याने करता येते. पडवळाला तर उंची लागतेच. कोवळ्या पडवळाच्या टोकाला सुतळीने खडा बांधून ठेवत, नाहीतर ते वेटोळे घेते. तोंडली बियांपासून न करता खोडाचा तुकडा लावून करतात. ती वर्षानुवर्षे टिकते, म्हणून तिचा मांडव दुधी-कारल्याच्या मांडवापेक्षा भक्कम लागे.

उभारणीत खिळा नव्हता. कोपऱ्यांवर दोन बेळक्यांच्या मेढी पुरायच्या, बेळक्यांत कळकाचे आडवे वासे टाकायचे, वर कामट्यांची जाळी पसरून काथ्याने किंवा सुंभाने आवळायची. मेढीचे पुरायचे टोक आधी आगीत करपवून किंवा डांबर फासून घेत, कारण वाळवी तिथूनच चढते. बांबू वद्य पक्षात तोडावा, मग वाहत्या पाण्यात भिजत घालावा, असा कोकणचा रिवाज. वद्य पक्षाचे काय ते असो, भिजवण्याने बांबूतला पिठूळ अंश निघून जातो आणि भुंगा लागत नाही, एवढे खरे. तरीही असा मांडव दोन-तीन पावसाळ्यांचाच सोबती. मोडला की पुन्हा बांधायचा. यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

कांदिवलीला रेल्वे स्थानक 1907 मध्ये झाले. 1920च्या दशकात बॅकबे भरणीसाठी इथल्या खाणीतला दगड दक्षिण मुंबईला गेला. 1957 मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढली आणि कांदिवली शहरात आली. वाड्यांमध्ये बंगले आणि चाळी उभ्या राहिल्या तशी वेलही बदलली: खायची गेली, शोभेची आली. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. 1767 मध्ये फिलिबेर कोमेर्सोन या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती रिओ द जानेरोला सापडली आणि ज्या जहाजमोहिमेवर तो होता, तिच्या कप्तानाचे, बुगेनव्हिलचे, नाव तिला मिळाले. फाटकावरच्या कमानीवर ती भडक दिसते, पण रंगीत दिसतात ती फुले नसून पाने असतात. खरे फूल त्यांच्या मध्ये, बारीक आणि पांढुरके. पाणी तोडले की ती बहरते, म्हणून कांदिवलीत तिचा जोर पावसाळ्यात नसून कोरड्या महिन्यांत असतो.

दुसरी लोकप्रिय वेल रंगूनची. नर्सरीत ती मधुमालती म्हणून विकली जाते आणि पुष्कळजण तिलाच कालिदासाची माधवी समजतात. ही चूक आता सुधारण्यापलीकडे गेली आहे. खरी माधवी, म्हणजे हळदवेल, सह्याद्रीच्या रानातली जाडजूड वेल आहे; हलक्या चौकटीला ती पेलत नाही. रंगूनवेलीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात ते त्यामुळे.

मांडवाचे तंत्र खरे सुधारले ते नाशिकच्या द्राक्षबागांत. तिथे पूर्वी वेल पांगाऱ्याच्या खुंटावर चढवत. पुढे खांब आणि तारांची जाळी आली, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांचे वेळापत्रक बसले. द्राक्ष कांदिवलीच्या दमट हवेत केवडा रोगाने जाते, पण तारेची जाळी इथल्याही परसात आली आणि कामट्या मागे पडल्या.

1980च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोपला म्हाडाचे छोटे भूखंड पडले, पूर्वेला ठाकूर व्हिलेजसारखी संकुले झाली. भूखंडांवर अंगणच उरले नाही. संकुलांत पर्गोला आला तो काँक्रीटच्या तुळयांचा, पोडियमवर, बाकांसह आणि बहुतेकदा वेलीविना. नुसत्या तुळयांची सावली पट्ट्यापट्ट्यांची पडते. एप्रिलच्या दुपारी तिच्याखाली कोणी बसत नाही. अशा जागी जाई, जुई, गोकर्ण किंवा कृष्णकमळ चालते. बोगनवेल वजनदार आणि काटेरी. लहान मुले खेळतात तिथे ती लावू नये. रंगूनवेलीला दरवर्षी छाटणी हवी, नाहीतर ती खाली उघडी पडते आणि सगळा फुलोरा वरच्या मजल्यावाल्यांना दिसतो.

पोडियमवरची वेल चढली नाही की दोष रोपाला दिला जातो. तो बहुतेक वेळा मातीचा असतो. परसातल्या दुधीच्या मुळांना खाली सगळी जमीन मोकळी होती, स्लॅबवरच्या वाफ्यात वीतभर मातीखाली काँक्रीट लागते.