संगणक मॉनिटरचे दोषनिदान

संगणक मॉनिटरचे दोषनिदान म्हणजे मॉनिटरवर चित्र न उमटणे, ते अस्थिर असणे किंवा रंग चुकीचे दिसणे अशा लक्षणांवरून बिघाडाचे नेमके ठिकाण शोधण्याची पद्धत होय. संगणकाकडून आलेला चित्रसंकेत दाखवणारा मॉनिटर हा अखेरचा दुवा असतो. त्यामुळे ग्राफिक्स कार्ड, केबल किंवा विद्युतपुरवठा यांतील दोषही मॉनिटरवरच दिसतात. काळा पडदा हे केवळ लक्षण आहे. तेवढ्यावरून मॉनिटर नादुरुस्त ठरवता येत नाही. दोषनिदान करताना एका वेळी एकच घटक बदलून पाहतात आणि बिघाडाची कक्षा क्रमाने लहान करत नेतात. या लेखात प्रामुख्याने एलसीडी मॉनिटरचा विचार केला आहे.

## रचना

एलसीडी मॉनिटरचे चार मुख्य भाग असतात: वीजपुरवठा मंडल, संकेतावर प्रक्रिया करणारे मुख्य मंडल, द्रव स्फटिकांचे पटल आणि पटलामागील बॅकलाइट. द्रव स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. बॅकलाइटचा प्रकाश कमी-अधिक प्रमाणात अडवून ते चित्र तयार करतात. जुन्या एलसीडी मॉनिटरमध्ये बॅकलाइटसाठी बारीक प्रतिदीप्त नळ्या वापरत असत. त्यांना लागणारा उच्च दाब इन्व्हर्टर नावाचे मंडल पुरवीत असे. नंतरच्या मॉनिटरमध्ये नळ्यांची जागा एलईडी दिव्यांनी घेतली.

## प्राथमिक तपासणी

प्रथम मॉनिटरवरील दर्शक दिवा पाहतात. दिवा लागतच नसेल, तर भिंतीवरील सॉकेट, वीजवाहक तार, अडॅप्टर व मॉनिटरचे बटण यांची तपासणी करतात. दिवा नारिंगी असेल किंवा लुकलुकत असेल, तर बहुतेक मॉनिटरांमध्ये त्याचा अर्थ वीज आहे, परंतु संकेत येत नाही, असा होतो.

यानंतर मॉनिटर चालू ठेवून संकेताची केबल काढतात. पडद्यावर ‘संकेत नाही’ अशा अर्थाचा संदेश स्पष्ट उमटल्यास वीजपुरवठा, बॅकलाइट व पटल कार्यरत आहेत असे समजते. मग शोध केबल, मॉनिटरचे इनपुट व संगणक यांपुरता उरतो. अशा वेळी पुढील गोष्टी पाहतात:

* मॉनिटरच्या मेनूमध्ये योग्य इनपुट (व्हीजीए, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट) निवडलेले आहे का.
* केबल दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का आणि तिच्या पिना वाकल्या आहेत का.
* स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात केबल त्या कार्डालाच जोडली आहे का; ती मदरबोर्डच्या सॉकेटला जोडल्यास अनेकदा चित्र येत नाही.
* दुसऱ्या केबलने किंवा दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर तोच मॉनिटर चालतो का.

## दोष संगणकात की मॉनिटरमध्ये

चित्र दिसते परंतु सदोष आहे, अशा स्थितीत दोन चाचण्या उपयोगी पडतात. पहिली मेनूची चाचणी. ब्राइटनेस वगैरे बदलण्याचा मेनू मॉनिटर स्वतः तयार करतो. मागचे चित्र विस्कटलेले असूनही मेनू स्वच्छ दिसत असेल, तर दोष बहुधा संकेताच्या मार्गात असतो. मेनूवरही तेच पट्टे किंवा तीच थरथर दिसल्यास मॉनिटर सदोष असण्याची शक्यता वाढते.

दुसरी चाचणी स्क्रीनशॉटची. स्क्रीनशॉट संगणकाच्या स्मृतीतील प्रतिमा नोंदवतो. केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये निर्माण झालेला दोष त्यात येत नाही. घेतलेला स्क्रीनशॉट दुसऱ्या उपकरणावर पाहिला असता दोष दिसला, तर कारण ड्रायव्हर, अन्य सॉफ्टवेअर किंवा ग्राफिक्स कार्ड यांत शोधावे लागते.

## लक्षणे व संभाव्य कारणे

एक रंग नाहीसा होणे: आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीए जोडणीत लाल, हिरवा व निळा यांचे संकेत वेगवेगळ्या पिनांतून जातात. लाल संकेत तुटल्यास पांढरी पार्श्वभूमी निळसर-हिरवी, हिरवा तुटल्यास गुलाबी-जांभळी आणि निळा तुटल्यास पिवळी दिसते. केबल हलवल्यावर रंग परत येत असेल, तर दोष जोडणीत असतो.

मर्यादेबाहेर असल्याचा संदेश: संगणकाने पाठवलेले रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश दर मॉनिटरच्या क्षमतेपलीकडे असल्यास हा संदेश येतो. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून ही मूल्ये कमी करता येतात.

अतिशय अंधूक चित्र: पडदा काळा दिसत असताना विजेरीचा प्रकाश तिरका टाकल्यावर पुसट चित्र दिसले, तर पटल चालू असून बॅकलाइट बंद आहे असे समजतात. चित्र एक-दोन सेकंद दिसून नाहीसे होणे हे जुन्या मॉनिटरमध्ये नळी किंवा इन्व्हर्टर बिघडल्याचे नेहमीचे लक्षण आहे. दोष आढळताच संरक्षक मंडल प्रकाश बंद करते.

कायमची उभी किंवा आडवी रेघ: एकाच जागी राहणारी बारीक रेघ बहुधा पटलाच्या कडेवरील सूक्ष्म जोडण्या सुटल्यामुळे येते. सामान्य कार्यशाळेत ही दुरुस्ती सहसा शक्य नसते.

मृत पिक्सेल: १९२० × १०८० रिझोल्यूशनच्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात व प्रत्येकाचे तीन उपपिक्सेल असतात. त्यांपैकी एखादा कायम काळा किंवा कायम प्रकाशित राहू शकतो. असे मोजके दोष अनेक उत्पादकांच्या हमीत बदलीस पात्र मानले जात नाहीत; म्हणून खरेदीच्या वेळीच पडदा क्रमाने पांढरा, काळा, लाल, हिरवा व निळा करून पाहणे उपयुक्त ठरते.

## कपॅसिटरमधील बिघाड

मॉनिटर उशिरा सुरू होणे, पुन्हापुन्हा चालू-बंद होणे किंवा दर्शक दिवा लुकलुकत राहणे यांमागे वीजपुरवठा मंडलातील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असू शकतात. उष्णतेने त्यांतील द्रव हळूहळू सुकतो व त्यांची क्षमता घटते. काहींचा माथा फुगतो किंवा त्यातून द्रव पाझरतो. परंतु बाहेरून चांगला दिसणारा कपॅसिटरही निकामी असू शकतो. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष कपॅसिटर मोठ्या प्रमाणावर बाजारात आल्याने त्या काळातील अनेक मदरबोर्ड व मॉनिटर अकाली बंद पडले. यांपैकी कित्येक मॉनिटर केवळ कपॅसिटर बदलल्याने पुन्हा चालू होऊ शकत होते.

## सुरक्षितता

वर दिलेल्या सर्व चाचण्या मॉनिटर न उघडता करता येतात. आवरण उघडण्याचे काम मात्र प्रशिक्षित तंत्रज्ञाकडे सोपवतात. भारतातील २३० व्होल्ट प्रत्यावर्ती पुरवठ्यावर चालणाऱ्या मंडलातील मुख्य कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारित होतो आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ हा भार टिकू शकतो. प्रतिदीप्त नळ्यांच्या इन्व्हर्टरमध्ये सुरुवातीचा दाब १,००० व्होल्टपेक्षा अधिक असतो. जुन्या रंगीत सीआरटी मॉनिटरच्या चित्रनलिकेत सुमारे २५,००० व्होल्टचा दाब असे व बंद केल्यावरही नलिकेत भार उरत असे. मॉनिटरमधून धूर किंवा जळका वास आल्यास चाचण्या न करता वीजपुरवठा प्रथम भिंतीवरील बटणापाशी बंद करावा लागतो.

## दुरुस्ती व विल्हेवाट

केबल, अडॅप्टर किंवा कपॅसिटर बदलणे सहसा परवडते. पटल फुटल्यास मात्र त्याची किंमत नव्या मॉनिटरच्या जवळपास जाते. टाकून दिलेला मॉनिटर घरगुती कचऱ्यात मिसळणे धोक्याचे असते: प्रतिदीप्त नळ्यांत पारा, तर सीआरटीच्या काचेत शिसे असते. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार अशा उपकरणांचे पुनर्चक्रण नोंदणीकृत केंद्रांतून होणे अपेक्षित आहे. अचूक दोषनिदानामुळे केवळ केबल बिघडली असताना चालू मॉनिटर ई-कचऱ्यात जाणे टळते.

## हे सुद्धा पहा

* एलसीडी
* ग्राफिक्स कार्ड
* कपॅसिटर
* ई-कचरा