एकाकी अभ्यासक आणि त्यांचे मंडळ



स्वतंत्र व्यवसाय करणारा मनुष्य कोणाला म्हणावे, ह्याचे उत्तर आपण बहुधा नकारांनी देतो. ज्याला वरिष्ठ नाही, ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही आणि महिनाअखेर ज्याच्या हाती ठरलेला पगार पडत नाही, तो स्वतंत्र. अशा माणसांची संख्या आपल्या पुणे शहरात आज लहान नाही. यंत्रशास्त्र, गृहरचना, हिशेब, कायदा, संगणक अशा नाना विषयांत सल्ला देऊन उपजीविका करणारे गृहस्थ व भगिनी येथे पेठोपेठी आढळतात. ह्या सर्वांपुढे कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतो. आपल्यासारख्याच इतरांच्या संघात सामील व्हावे, की आपला मार्ग आपणच चोखाळावा? संघात गेल्याने बळ वाढेल हे खरे. परंतु ज्या स्वातंत्र्यासाठी नोकरीवर पाणी सोडले, तेच गहाण पडणार नाही ना?

ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ तर्काने देण्यापेक्षा इतिहासाला विचारावे हे बरे. आणि योगायोग असा की, खुद्द इतिहास लिहिणाऱ्या मंडळींनीच हा प्रयोग ह्या शहरात करून पाहिला आहे. त्याचीच हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधन हा काही पगारी उद्योग नव्हता. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले होते. पण परीक्षा घेऊन पदव्या देणे हेच त्या काळी त्याचे मुख्य काम होते. पुण्याचे विद्यापीठ निघण्यास १९४९ साल उजाडावे लागले. मधल्या काळात जुने कागद शोधणे, वाचणे व छापणे हे सारे कार्य खाजगी माणसांनी स्वतःच्या हिमतीवर केले. काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांनी १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काढून ह्या उद्योगास आरंभ करून दिला. त्यानंतर जे पुढे आले ते प्रायः एकांडे शिलेदार होते. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवीत आणि उरलेला वेळ पटवर्धनांच्या दप्तरांत घालवीत. १८९७ पासून त्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध होऊ लागला. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस होते. बडोद्यास राजसेवेत राहून गोविंद सखाराम सरदेसाई आपली ‘रियासत’ सिद्ध करीत होते. आणि ह्या सर्वांहून निराळे असे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करीत, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि तळघरांतून कागद गोळा करीत हिंडत होते. वाईस सापडलेल्या पत्रांचा त्यांचा पहिला खंड १८९८ साली बाहेर पडला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचे पुढे बावीस खंड झाले.

ह्या एकाकी अभ्यासकांच्या अडचणी कोणत्या होत्या, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. कारण कोणत्याही स्वतंत्र व्यवसायिकाच्या अडचणी त्याच जातीच्या असतात.

पहिली अडचण विश्वासाची. जुने दप्तर म्हणजे केवळ रद्दी नव्हे. त्यात वतनाचे, इनामाचे, भाऊबंदकीच्या तंट्यांचे दाखले असावयाचे. असे दप्तर परक्याच्या हाती घरधन्याने का द्यावे? आलेला मनुष्य कोणाचा, कागद परत येतील की नाही, उद्या कोर्टात आपल्याच विरुद्ध उभे राहतील की काय, ह्या शंका त्याच्या मनात येणे स्वाभाविक होते.

दुसरी अडचण ज्ञानाची. मराठी कागद मोडीत, शाही फर्माने फारशीत, काव्यचरित्रे संस्कृतात आणि कालगणना तर चार प्रकारची! पेशवाईतील एखाद्या पत्राच्या माथ्यावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे शब्द आढळतात. अरबी संख्यावाचक शब्द ठाऊक असणारास त्यांत एक हजार, एकशे, साठ आणि एक, म्हणजे शुहूर सन ११६१ दिसेल. हा सन मृगाच्या सुमारास पालटतो. म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. ह्या हिशेबाने ते वर्ष १७६०-६१, अर्थात पानिपतचे वर्ष ठरते. ही गणना चुकली तर पत्र एका वर्षाने पुढेमागे सरकते आणि कारण व कार्य ह्यांची उलटापालट होते. हे सर्व ज्ञान एकाच माणसाच्या ठायी क्वचितच एकवटलेले असते.

तिसरी अडचण परीक्षेची. एकट्याने काम करणाऱ्या मनुष्याची चूक दाखविणारा कोणी जवळ नसतो. वाचलेले अक्षर बरोबर आहे, बांधलेले अनुमान टिकाऊ आहे, असे त्याला वाटत राहते. आणि चूक कळते ती पुस्तक छापून झाल्यावर. चौथी अडचण पैशाची, तिचा विस्तार करण्याचे कारण नाही. आणि पाचवी सर्वांत गंभीर. मनुष्य गेला म्हणजे त्याच्या संग्रहाचे काय व्हावयाचे?

अशा स्थितीत ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे ह्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. एकांतप्रिय, करारी आणि कोणाची भीडमुर्वत न ठेवणाऱ्या राजवाड्यांसारख्या पुरुषाने संघाची कल्पना उचलावी, ह्यातच तिची निकड दिसून येते. मंडळाने कोणास नोकरीवर ठेवून संशोधनाचे हुकूम सोडले नाहीत. वकील, शिक्षक, इनामदार, शास्त्री असे आपापल्या उद्योगात असलेले लोक सभासद झाले. सभा भरत, निबंध वाचले जात, त्यांवर उपस्थितांचे आक्षेप येत. निबंध आणि नवे कागद इतिवृत्तांतून, संमेलनवृत्तांतून आणि पुढे त्रैमासिकातून छापले जात. विषय कोणता घ्यावा, मत काय द्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. मात्र ते मत चारचौघांसमोर मांडून त्याची परीक्षा होऊ द्यावयाची. मंडळाची घडण ही अशी होती.

ह्या घडणीचा लाभ काय झाला, ह्याचे एक ठळक उदाहरण देतो. छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ मध्ये, म्हणजे १६२७ साली झाला, अशी समजूत बखरींच्या आधाराने दीर्घकाल रूढ होती. भोरनजीकच्या कारी गावचे जेधे देशमुख हे शिवकालातील नामांकित घराणे. त्यांच्या घरची एक शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली. शकावली म्हणजे वर्ष, तिथी व घटना ह्यांची नुसती टिपणे. तीत अलंकार नाहीत, स्तुती नाही. टिळकांनी ती १९१६ साली मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. तीत महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाल्याचे नमूद होते.

आता, एकट्या टिपणावर तीन वर्षांचा फरक कोण मान्य करणार? यदुनाथ सरकारांसारख्या थोर इतिहासकाराने १६२७ हेच वर्ष धरले. परंतु शकावली छापली गेल्यामुळे ती साऱ्या अभ्यासकांपुढे आली. प्रत्येक जण आपल्याजवळच्या साधनांशी ती ताडून पाहू लागला. पुढे सदाशिव महादेव दिवेकर ह्यांना तंजावर येथे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ ह्या संस्कृत काव्याची पोथी मिळाली. मंडळाने ते काव्य १९२७ साली प्रकाशित केले. परमानंद महाराजांचा समकालीन. आणि त्यानेही शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया हीच तिथी दिलेली! मावळातील एका देशमुखाचे मराठी टिपण आणि कावेरीकाठी जतन झालेले संस्कृत काव्य ह्यांनी परस्परांची साक्ष दिली. मतभेद त्यानंतरही अगदी संपले असे नाही. तथापि महाराष्ट्र शासनाने अखेर हीच तिथी स्वीकारली. जेध्यांचा कागद मोडी जाणणाऱ्याच्या घरी आणि परमानंदाची पोथी संस्कृतज्ञाच्या घरी पडून राहती, तर ही दोन साक्षीपुरावे समोरासमोर आली असती काय?

दुसरा लाभ माणसे घडण्याचा. गणेश हरी खरे ह्यांचे उदाहरण पाहा. फारशीसारखी भाषा त्यांनी स्वप्रयत्नाने आत्मसात केली, शिलालेख, ताम्रपट, नाणी, मूर्ती ह्यांचा व्यासंग केला आणि अनेक दशके मंडळाच्या कार्याला वाहून घेतले. दत्तो वामन पोतदारांनी दीर्घकाल चिटणीसपद सांभाळून देशभरच्या विद्वानांशी मंडळाचा संबंध जोडला. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. मोठ्या विद्यालयाने जे शिक्षण द्यावे, ते येथे सभेच्या सतरंजीवर मिळत असे.

तिसरा लाभ चिरस्थायित्वाचा. पारसनिसांनी मोठ्या खटपटीने चित्रे, पोथ्या आणि नाना फडणिसांच्या मेणवलीच्या दप्तरासारखी अमोल साधने मिळविली. १९२६ साली त्यांचे निधन झाल्यावर साताऱ्याच्या त्या संग्रहाला अखेर संस्थेचाच आश्रय शोधावा लागला. १९३९ साली तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. माणसाने जमविलेले माणसाच्या आयुष्याइतकेच टिकावे असे वाटत नसेल, तर ते संस्थेच्या स्वाधीन केले पाहिजे, हा ह्यातला बोध. आणि दप्तर देणाऱ्या घरधन्यालाही, फिरतीवरच्या एका माणसापेक्षा, सभासद, चिटणीस आणि पावतीपुस्तक असलेल्या मंडळाचा भरवसा अधिक वाटतो, हे उघड आहे.

येथपर्यंत संघाची थोरवी सांगितली. परंतु एवढेच सांगून थांबलो, तर तो इतिहास न होता जाहिरात होईल. ह्या लाभांची किंमतही पडली, आणि ती पहिल्याने संस्थापकालाच द्यावी लागली. राजवाड्यांचे मंडळातील सहकाऱ्यांशी मतभेद झाले. त्यांचा स्वभाव बहुमताला मान तुकविणारा नव्हता. आणि सभा चालावयाची तर बहुमतावाचून गत्यंतर नसते. ते पुणे सोडून गेले, आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी धुळ्यास काढली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्याने संघ सोडला, त्याच्या कागदपत्रांच्या रक्षणासाठी त्याच्या चाहत्यांनी धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ म्हणून दुसरा संघच स्थापन केला!

दुसरी किंमत अशी की, संघाला हळूहळू आपपरभाव जडतो. पुण्याचे पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात असून खाजगी अभ्यासकांस त्यात सहजी प्रवेश नव्हता. अखेर त्यातील निवडक कागद छापण्याचे काम सरदेसायांकडे आले आणि १९३० ते १९३४ ह्या काळात त्यांनी त्याचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले. ह्या योजनेवरून आणि एकंदर इतिहासलेखनाच्या पद्धतीवरून पुण्याची मंडळी एका बाजूस व सरदेसाई आणि यदुनाथ सरकार दुसऱ्या बाजूस, असा वाद बराच काळ धुमसत राहिला. ‘आमच्यातला’ आणि ‘बाहेरचा’ हा भेद विद्येच्या प्रांतात शिरला, की युक्तिवादाचे वजन बोलणाऱ्याकडे पाहून ठरू लागते.

परंतु ह्याच सरदेसायांचा वृत्तांत आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवितो. मंडळापासून दूर असलेला हा मनुष्य एकटा होता काय? मुळीच नाही. १९०४ पासून यदुनाथांशी सुरू झालेला त्यांचा पत्रव्यवहार सुमारे अर्धशतक चालला. एकाने मराठी कागदांचा अर्थ सांगावा, दुसऱ्याने फारशी साधनांचा. एकाने दुसऱ्याचे लेखन निर्भीडपणे तपासावे, असा तो स्नेह होता. पुण्याजवळ कामशेतला सरदेसायांच्या घरी यदुनाथ येऊन राहत. अर्थात मंडळाला घटना आणि कार्यालय असलेच पाहिजे असे नाही. परस्परांच्या चुका दाखविण्याचा करार असलेली दोन माणसे हेही एक मंडळच होय.

ह्या सर्व हकीकतीवरून आजच्या स्वतंत्र व्यवसायिकाने काय घ्यावे? मला वाटते, संघ निवडताना त्याने तीन गोष्टी पाहाव्यात. जेथे आपले काम वाचून दाखविता येते आणि त्यावर मनमोकळे आक्षेप घेतले जातात, तो संघ उपयोगी. जेथे केवळ परस्परांची वाहवा होते, तो निरुपयोगी. जेथे आपल्याला न येणारी विद्या जाणणारे लोक आहेत, तेथे जावे. कारण सर्वच मोडीवाले जमले तर फारशी कोण वाचणार? आणि जेथे आपण काही ठेवून जाऊ शकू, असे स्थान शोधावे. केवळ गिऱ्हाइके मिळविण्यासाठी जो संघात येतो, तो ती न मिळताच निघून जातो. वर्गणी भरून मत विकले जात नाही. पण मत तपासून घेण्याची तयारी नसेल, तर वर्गणी भरूनही काही पदरात पडत नाही.

सदाशिव पेठेतील मंडळाच्या वास्तूत आज लक्षावधी कागद सुरक्षित आहेत. ते ज्यांनी गोळा केले त्यांपैकी पुष्कळांची नावेही आपणांस ठाऊक नाहीत. कित्येक एकमेकांशी भांडले, कित्येक रुसून निघून गेले. परंतु त्यांनी आणलेले कागद मात्र एकाच छपराखाली शेजारी शेजारी विसावले आहेत आणि पुढच्या वाचकाची वाट पाहत आहेत.