कल्याणची मुलगी आणि तिच्या शेजारच्या दोघी

परवा शनिवारी डोंबिवलीत एका मित्राच्या वर्गात 'फोटोवरून गोष्ट' असा उद्योग केला. सातवी-आठवीची पंधरा-वीस पोरं. माझ्याकडे लॅपटॉप आणि प्रोजेक्टर एवढंच काम.

पहिलाच फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा, फिलाडेल्फियातला. तीन तरुणी. साडीतली कोण, हे एका मुलीने लगेच ओळखलं. आनंदीबाई जोशी, आपल्या कल्याणच्या! आणि मधली? मागून आवाज आला, "चिंकी!" सगळा वर्ग खो खो हसला.

मी ओरडणार होतो, पण तोंड उघडेना. आमच्या टीममध्ये पूर्वी मणिपूरची एक मुलगी होती. लंचच्या टेबलावर हाच शब्द मीही वापरलाय, ती समोर असताना. ती काही बोलली नाही. फक्त आमच्यात जेवायला यायची बंद झाली.

असो. मधली केई ओकामी, जपानची. उजवीकडची साबात इस्लामबूली, दमास्कसची. तिघीही विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या विद्यार्थिनी. चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद करणारा कायदा झाला १८८२ मध्ये, आणि १८८३ मध्ये आनंदीबाई तिथे उतरल्या. वय अठरा. पण याच कॉलेजातून १८६७ मध्येच रेबेका कोल ही कृष्णवर्णीय मुलगी डॉक्टर झालेली होती. एकाच देशात दोन्ही.

त्या काळात आपल्याकडे माणसांचे फोटो कशासाठी काढत? विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. माणसं एकीकडे टिपायची आणि मागचा देखावा दुसरीकडचा जोडायचा (फोटोशॉपच्या आधीचं फोटोशॉप!). मग १८६८ ते १८७५ या काळात सरकारी 'पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड आले. त्यात बहुतेक ठिकाणी माणसाचं नाव नाही, तो 'कुठल्या जातीचा' एवढंच. फुलपाखरं टाचून ठेवावीत तसं.

फिलाडेल्फियाच्या फोटोखाली मात्र तिघींची नावं आणि गावं लिहिलेली आहेत. मला हा फरक फार मोठा वाटतो. तरी उगाच भाबडेपणा नको. तिघींना आपापल्या देशाच्या पोशाखात बसवलंय, म्हणजे थोडं प्रदर्शन आहेच. आणि आनंदीबाईंच्या प्रबंधाच्या नावातही 'आर्य हिंदू' हे शब्द आहेतच. वंशाच्या त्या खुळातून कोणीच सुटलं नव्हतं.

पुढची गोष्ट पोरांनी एकदम शांत बसून ऐकली. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात क्षयाने गेल्या. बावीसही पूर्ण नाहीत. ओकामी १८८९ मध्ये डॉक्टर झाली, टोकियोच्या हॉस्पिटलात लागली. पण सम्राटाने बाई डॉक्टर नको म्हटल्यावर तिने नोकरीच सोडली आणि घरीच दवाखाना काढला.

"सम्राटाला नाही म्हणाली ती?" हा प्रश्न त्याच मागच्या बाकावरून आला.

"सम्राट तिला नाही म्हणाला. मग ती निघून गेली."

"दादा, मग मी तिचीच गोष्ट लिहू?"

लिही म्हटलं. घरी आल्यावर मणिपूरच्या त्या मुलीला सॉरीचा मेल टाकला. अजून उत्तर नाही.